पाळणाघर: मोजणी कुणाची, खर्च कुणाचा

कारखान्यात पाळणाघर असावं ही कल्पना मुंबईच्या गिरणगावाच्या काळातली आहे. तेव्हाच्या गिरण्यांत मजुरांमध्ये साधारण पाचातली एक बाई असे, आणि तिचं घर गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यातल्या चाळीत. पाळी लांबली की तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवायचं, असा सर्रास रिवाज होता. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या आईपुढे दुसरं काय होतं? सांभाळायला कुणी नाही आणि खाडा केला तर पगार कापला जाणार.

जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचं, म्हणजे बाळंतपणाच्या रजेत आईला पैसे देण्याचं, विधेयक चर्चेला आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. मात्र बाईला कामाला लावून मालकाचा फायदा होतो, तेव्हा त्यालाही सुटका नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावलं. कायदा १९२९ मध्ये झाला आणि पैसे मालकाच्या माथी गेले. पुढच्या जवळजवळ प्रत्येक कायद्याने तोच कित्ता गिरवला.

पाळणाघराची सोय प्रथम १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात आली, पण ती प्रांतांच्या मर्जीवर होती. १९४८ च्या कायद्याने ती सक्तीची केली: पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली. हेतू चांगला होता, पण गोम मोजणीत होती. कायदा बाया मोजत होता. मग तीस बाया ठेवा आणि एकतिसावीच्या जागी पुरुष घ्या, हा हिशेब मालकाला कुणी शिकवायची गरज नव्हती. मूल जणू एकट्या आईचंच.

बांधकामावरच्या मजुरांपर्यंत यातलं काही पोचत नव्हतं. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच मुलं सांभाळायला सुरुवात केली. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि काही वर्षांत तिचं काम मुंबईतही सुरू झालं. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने निकषच बदलला: कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की ती सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. इथे मुलं मोजली गेली. एवढी साधी गोष्ट सुचायला इतकी वर्षं जावी लागली.

ऑफिसवाल्यांसाठी मोठा बदल २०१७ मध्ये आला. प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा, हेही आलं. आता पुरुषही मोजणीत धरले गेले. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही त्यात होती, पण ‘दोघांच्या संमतीने’. म्हणजे साहेबांच्या मर्जीने. करोनाने पुढे ती मर्जी सक्तीची केली, तेव्हा लॅपटॉपसमोर मीटिंग आणि मांडीवर मूल असं दृश्य घरोघर दिसलं, आणि घरून काम म्हणजे मूल सांभाळण्याची सोय नव्हे, हे एकदाचं सगळ्यांना कळलं. रजेच्या पगाराचा भार मात्र बहुतेक खासगी ऑफिसांत मालकावरच राहिला. १९२८ चा वाद जिथल्या तिथे.

कायद्यातली आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. कामाच्या जागी पाळणाघर ही कल्पना चाळ आणि गिरणी शेजारी-शेजारी होती तेव्हाची. डोंबिवलीहून अंधेरीला जाणारी आई तान्ह्याला घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणार कशी? म्हणून तिचं मूल सोसायटीतल्या एखाद्या काकूंकडे असतं. काकूंच्या दोन खोल्यांत सात-आठ मुलं, दुपारी वरण-भात, भिंतीला टेकवलेल्या गाद्या. त्यांची फी पूर्णपणे आईबापाच्या पगारातून जाते. आणि लोकल रखडली, सात वाजून गेले, की तासाचे जादा पैसे वेगळे.