तुंबडी लावणे (कपिंग, हिजामा)

दुखऱ्या जागेवर भोपळ्याचं, शिंगाचं किंवा आता काचेचं नाहीतर प्लास्टिकचं भांडं उपडं लावायचं, आतली हवा कमी करायची आणि त्या ओढीने कातडी वर खेचून धरायची, याला तुंबडी लावणं म्हणतात. युनानीत हाच हिजामा. बऱ्याच जणांना वाटतं हे चीन नाहीतर अरबस्तानातून आलं, आणि तिकडे जुनी परंपरा आहेच, पण सुश्रुतसंहितेतही रक्त काढायला शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे तुंबडी अशी तीन साधनं दिलीत, वाताला शिंग, पित्ताला जळू, कफाला तुंबडी. शिंगातली हवा तोंडाने ओढायची आणि तुंबडीत दिवा ठेवायचा, इतकं बारीक लिहून ठेवलंय. आपल्याकडे गावोगाव फिरणारे वैदू हे करायचे, आणि त्यांच्या हातातल्या कसबाची नोंद फार कमी झाली याचं खरंच वाईट वाटतं.

आता स्पिरिटचा बोळा पेटवून कपात क्षणभर फिरवतात आणि कप लगेच पाठीवर टेकवतात, तापलेली हवा थंड झाली की आतला दाब उतरतो आणि कातडी वर येते. हातपंपाचे कप असतील तर भाजायची भीती नाही. साधारण ५ ते १० मिनिटं ठेवतात. नुसतं ओढून सोडलं तर कोरडं कपिंग, बारीक चिरा देऊन रक्त काढलं तर ओलं. मुस्लिम समाजात ओल्या हिजामासाठी चांद्र महिन्याची १७, १९, २१ तारीख चांगली मानतात.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग जगाने पाहिले आणि कपिंगची एकदम चर्चा झाली. ते डाग कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्याने पडतात, आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. डाग जितका काळा तितकं विष बाहेर आलं असं सांगतात त्याला काही आधार नाही, रक्त साफ करायचं काम लिव्हर आणि किडनीचं.

मान आणि कंबरदुखीत काही दिवस आराम पडतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पण पुरावा कच्चा आहे, कारण खोटा कप लावून तुलना करणं अवघड, पेशंटला ओढ कळतेच. शुगर, बीपी, वंध्यत्व सगळ्यावर हिजामा असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) किंवा अॅनिमिया असेल, तर ओलं कपिंग नकोच, गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच नको. आणि ब्लेड समोर नवीन फोडलेलं पाहिजे, कारण हिपॅटायटिस बी अशाच वापरलेल्या ब्लेडमधून पसरू शकतो.