पहिल्या तारखेला येतो, चौथ्याला गायब

बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला कोर्टाने काउन्सेलिंगला पाठवलं की तो पहिल्यांदा येतो, मान खाली घालून बसतो, हमीपत्रावर सही करतो, दुसऱ्यांदा आईला घेऊन येतो आणि मग फोनच लागत नाही. इकडे बायको मात्र तो जातोय म्हणून माहेरून परत आलेली असते. म्हणून ही गळती मला फार गंभीर वाटते.

आपल्याकडे सुरुवात शिक्षेपासून झाली. १९८३ ला बायकोच्या छळासाठी शिक्षा देणारं ४९८अ कलम आलं, १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात टिसने (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने) महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पण पुरुषांशी कोण बोलणार? १९९३ मध्ये मुंबईतच 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली, पण तिथे यायचं ते आपल्या मर्जीने. कोर्टाच्या हातात ही गोष्ट आली ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने, २६ ऑक्टोबर २००६ पासून. कलम १४ खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला काउन्सेलिंगला पाठवू शकतो, आणि नियमात तर स्पष्ट आहे की 'तिनेच डोकं फिरवलं' असली कारणं तिथे चालणार नाहीत.

अमेरिकेत हे आधीच घडून गेलं होतं. १९७७ मध्ये बोस्टनला मारणाऱ्या पुरुषांसाठी 'इमर्ज' हा कार्यक्रम सुरू झाला, ८० च्या दशकात डुलुथ शहराने पोलीस, कोर्ट आणि पुरुषांचे वर्ग एकमेकांना बांधले, कॅलिफोर्नियाने पुढे ५२ आठवड्यांची सक्ती केली, तरी माणसं गळतच राहिली. मग पिट्सबर्गच्या कोर्टाने महिन्याभरात परत हजर राहून नाव नोंदवल्याचं दाखवायला लावलं आणि मुळात फिरकतच नसलेले एकदम कमी झाले. दुसरीकडे २००१ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात तर साधी गोष्ट होती, माणूस आला नाही की त्याला फोन करायचा, हाताने लिहिलेलं पत्र पाठवायचं, आणि त्याने लोक जास्त टिकले.

म्हणजे धाक पण हवा आणि विचारपूस पण. आपल्याकडे त्याच कायद्यातली कलम ३१ ची शिक्षा बायकोला त्रास देऊ नको असा कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर आहे, काउन्सेलिंग बुडवलं तर नाही, आणि नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्याला दुपारची वेळ दिली की त्याचा रोज बुडतो, हेही खरंच आहे. पण कलम १४ मध्येच लिहिलंय की पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत द्यायची. त्या तारखेला बाकी सगळं नंतर, आधी 'किती वेळा गेलास, पावती दाखव' एवढं विचारलं पाहिजे, आणि तो आला नसेल तर ते बायकोला त्याच दिवशी कळलं पाहिजे.