व्यायामजन्य रक्तवाहिनीदाह

उन्हाळ्यात बराच वेळ चालल्याने, धावल्याने किंवा डोंगर चढल्याने पोटऱ्यांवर व नडग्यांवर उठणारे लालसर-जांभळट चट्टे. त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांचा तात्पुरता दाह होऊन तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. म्हणून चट्ट्यावर काचपट्टी दाबली तरी त्याचा रंग पुरता जात नाही. मोज्याखालची त्वचा बहुधा कोरी राहते. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ जिथे संपतो, तिथूनच वर चट्टा सुरू झालेला दिसतो. आग होते, खाज सुटते, कधी घोटे सुजतात. सावळ्या त्वचेवर लाली लपते; तिथे तपकिरी-जांभळट छटा शोधावी लागते.

नाव व कारणमीमांसा : विकार जुना असावा, पण त्याची स्वतंत्र चर्चा मुख्यतः 1990 नंतरची दिसते. प्रिन्स व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दीर्घ श्रमानंतरचा रक्तवाहिनीदाह नोंदवला. रामले यांनी 2004 मध्ये ‘व्यायामजन्य पर्प्युरा’ (पर्प्युरा म्हणजे त्वचेत रक्त झिरपून उठणारे जांभळट डाग) हे नाव वापरले. पर्प्युरा हे नुसते लक्षण असल्याने दाह सांगणारे नाव अधिक नेमके वाटते. ‘गोल्फर्स व्हॅस्क्युलायटिस’ व ‘डिस्नी रॅश’ ही बोलीतली नावे, अनुक्रमे गोल्फच्या मैदानावरून आणि मनोरंजन उद्यानातल्या दिवसभराच्या पायपिटीवरून पडलेली. गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये गवताच्या किंवा कीटकनाशकांच्या ॲलर्जीचा संशय घेतला जाई. केली, ओपी व निक्सन यांनी 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध केलेल्या 17 रुग्णांच्या पाहणीने मात्र उष्णतेकडे बोट दाखवले. गवताशी संबंध न येता डांबरी रस्त्यावर चालणाऱ्यांनाही चट्टे उठतात, हे लक्षात घेता ॲलर्जीचे मत टिकत नाही. पोटरीचे स्नायू शिरांतले रक्त वर ढकलतात. उष्णतेत दीर्घ श्रमाने हे काम मंदावून रक्त साचत असावे, हे स्पष्टीकरण त्यातल्या त्यात पटणारे आहे. प्रतिकारद्रव्यांचे संयुग वाहिन्यांच्या भिंतींत साठते असेही मत आहे. दोन्ही एकाच वेळी घडणे अशक्य नाही.

पन्नाशीपुढील निरोगी स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. चट्टे साधारण दहा दिवसांत आपोआप मावळतात. पाय उंचावर ठेवणे व गार पाण्याच्या घड्या एवढ्याने आराम पडतो. पुन्हा उद्भवणे नित्याचे. दाबमोज्यांचा काहींना उपयोग होतो.

निदान ठाऊक नसल्याने रुग्णाला नाहक रक्तचाचण्यांच्या फेऱ्यांतून जावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. तथापि ताप, सांधेदुखी, पोटदुखी, लघवीतून रक्त ही लक्षणे असतील, किंवा श्रमाशिवायच चट्टे उठत असतील, तर दुसरा रक्तवाहिनीदाह वा रक्तविकार शोधण्यासाठी तपासणी टाळू नये.