काजूचा पंप आणि तहानलेलं पेट्रोल

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडे काजूला मोहोर आला की माळ्यावरचे फवारणीचे पंप खाली उतरतात. गेल्या डिसेंबरात आमचाही उतरला. दोरी ओढून खांदा भरून आला, पण पंप काही बोलेना. मेस्त्रीनं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. तळाला बोटभर वेगळाच थर. "पाऊस प्यालाय," एवढंच म्हणाला.

पाणी प्यालं होतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलनं, म्हणजे अल्कोहोलनं. त्याचं जन्मस्थान इथून फार लांब नाही. चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक हा सगळा उसाचा पट्टा. साखर काढून उरलेली काळी मळी यीस्टनं आंबवायची आणि उकळून वाफ थंड करायची, की इथेनॉल मिळतं. पण 95.6 टक्क्यांवर गाडी अडते. तिथून पुढे पाणी आणि इथेनॉल एकाच प्रमाणात उकळतात, कितीही उकळा, वेगळे होत नाहीत. मग ती वाफ झिओलाइटच्या खड्यांतून सोडतात. या खड्यांची छिद्रं 3 अँगस्ट्रॉमची, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण 33 लाखाव्या भागाएवढी. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा थोडा मोठा, तो बाहेरच राहतो. इतक्या खटपटीनं त्याला कोरडं करायचं, आणि आपण ते पावसाळाभर गळक्या झाकणाच्या टाकीत ठेवणार!

पेट्रोलमध्ये 2003 साली 5 टक्के इथेनॉल घालायला सुरुवात झाली, 2022 मध्ये ते 10 टक्क्यांवर गेलं, आता 20 टक्के आहे. पडताळायचं असेल तर विस्तवापासून लांब, उघड्यावर, 100 मिलीच्या मोजपात्रात 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल (ऑइल न घातलेलं) घ्या, हलवा आणि थांबा. खालचा थर 10 वर न राहता 28 च्या आसपास दिसेल. वाढलेले 18 मिली म्हणजे पेट्रोल सोडून पाण्याकडे गेलेलं इथेनॉल. यावरून काहींना वाटतं, असंच धुऊन शुद्ध पेट्रोल वापरावं. तसं करू नये. पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता जळण्याची क्षमता, वाढवण्यात इथेनॉलचा वाटा असतो, ते गेलं की इंजिन ठोकायला लागतं.

टाकीत हेच नकळत घडतं. थोडं पाणी इथेनॉल सांभाळून घेतं. 10 टक्केवाल्या पेट्रोलच्या लिटरमागे 15 अंशांना साधारण 5 मिली, 20 टक्केवाल्यात त्याहून जास्त. पण गारठा वाढला की ही ताकद कमी होते, म्हणून दुपारी नितळ दिसलेलं पेट्रोल डिसेंबरच्या पहाटे दुभंगू शकतं. नुसत्या हवेतला दमटपणा हळूहळू शिरतो. खरा घात करतं ते झाकणातून झिरपलेलं पावसाचं पाणी.

टू-स्ट्रोक पंपात याची शिक्षा दुप्पट. त्याला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधून, आणि ते ऑइल वरच्या थरातच राहतं. नळी मात्र तळातून ओढते. इंजिन बहुधा चालूच होत नाही. झालंच, तर पिस्टन कोरडा घासतो.

पाणी नसलं तरी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्बोरेटरचं गणित चुकतंच. एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9, 20 टक्केवाल्या पेट्रोलला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. नव्या गाडीत सेन्सर ते ओळखून पुरवठा वाढवतो. पंपाच्या जेटला, म्हणजे इंधन सोडणाऱ्या तोटीला, भोक एकच. हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, इंजिन तापतं. शिवाय लिटरमागे उष्णताही 7 टक्क्यांच्या आसपास कमी. कार्बोरेटरमधले जुने रबरी पडदे आणि बुचाचे गॅस्केट फुगतात ते निराळंच.

आमच्या पंपाचा पडदा असाच फुगून सुरकुतला होता. मेस्त्रीनं तो बदलला, टाकी धुतली आणि ताजं पेट्रोल-ऑइल घातलं. तिसऱ्या ओढीला पंप सुरू झाला. मोहोराची फवारणी झाल्यावर टाकी रिकामी केली आणि कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवलं. आता झाकणाला नवीन वायसर तेवढा बसवायचा आहे.