केनेट अँड एव्हन कालवा

दक्षिण इंग्लंडमधला हा कालवा रेडिंगहून निघून न्यूबरी, डिव्हायझेस, बाथ करत ब्रिस्टलला जातो. लांबी ८७ मैल, पण सगळा काही खोदलेला नाही, दोन्ही टोकांना केनेट आणि एव्हन नद्याच वापरल्यात. इंजिनिअर जॉन रेनी, आणि पूर्ण झाला १८१०ला.

सगळ्यात उशिरा झाला तो डिव्हायझेसजवळचा केन हिलचा चढ. तिथे २ मैलांत २९ लॉक आहेत, त्यातले १६ तर टेकडीवर एका रांगेत, जिन्यासारखे. ते होईपर्यंत माल टेकडीवरून घोड्यांच्या ट्रामने न्यायचे! लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरलं की बोट वर, सोडलं की खाली. अडचण अशी की प्रत्येक वेळी हौदभर पाणी उताराकडे निघून जातं आणि कालव्याच्या सगळ्यात उंच भागात पाणी आणायचं कुठून? म्हणून क्रॉफ्टनला वाफेचे पंप बसवले. त्यातलं १८१२चं इंजिन आजही चालतं, रोजचं काम इलेक्ट्रिक पंप करतो ते सोडा, पण ठरावीक दिवशी कोळसा घालून ते सुरू करतात तेव्हा बघायला गर्दी असते.

धंदा फार टिकला नाही. १८४१ला लंडन-ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली, माल तिकडे वळला, आणि १८५२ला त्याच रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला, मग त्याची काळजी कोण घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॉकची दारं कुजली, हौदांत झाडं उगवली. पुढे कित्येक वर्षं व्हॉलंटिअर लोकांनी गाळ उपसला, पैसे जमवले, आणि १९९०ला राणी एलिझाबेथने कालवा परत खुला केला.

आता माल नाही, सुट्टी घालवणारे लोक. नॅरोबोट म्हणजे लांब, अरुंद बोट भाड्याने मिळते, पण आरामात पडून राहू असं वाटत असेल तर विसरा, लॉक स्वतःच चालवायचे असतात. लोखंडी हँडलने झडप उघडायची, पाणी समान होईपर्यंत थांबायचं, मग दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून पायाने जोर देत रेटायचं. केन हिल चढायला ५-६ तास सहज जातात. पूर्वी घोडे बोटी ओढत ज्या काठच्या वाटेने चालायचे तिथे आता सायकली आणि कुत्री फिरवणारे लोक.

ईस्टरला डिव्हायझेस ते लंडनमधलं वेस्टमिन्स्टर अशी १२५ मैलांची कनू रेस असते, काही टीम रात्रभर वल्हवत एका दमात जातात, लॉक आला की होडी उचलून पळत पुढे. केन हिल डिव्हायझेसच्या दुसऱ्या बाजूला, त्यामुळे तेवढा वाटेत येत नाही.