चांपानेरच्या आधीचं बडोदं

'लगान'मधल्या गावाचं नाव चांपानेर. ते ऐकताच बडोदेकरांना पावागडच्या पायथ्याचं खरं चांपानेर आठवतं. पडद्यावरचं चांपानेर मात्र कच्छमध्ये, भुजजवळच्या कुनरियाला वसवलं होतं, आणि वसवलं होतं नितीन चंद्रकांत देसाई यांनी. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास' या चारही चित्रपटांच्या कला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. मुंबईत ते शिकले छायाचित्रण, नाव झालं ते सेट उभारण्यात. पुढे कर्जतला त्यांनी स्वतःचा स्टुडिओ बांधला. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले.

कॅमेऱ्याकडून नेपथ्याकडे जाणाऱ्या या वाटेवर शंभरेक वर्षं आधी आमच्या बडोद्यात एक माणूस चालला होता. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही कला आणि तंत्र शिकवणारी संस्था काढली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेले धुंडिराज गोविंद, म्हणजेच दादासाहेब, फाळके तिथे चित्रकला शिकले. प्राचार्य गज्जरांनी त्यांना कलाभवनचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळाही वापरू दिली. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळालं.

मला त्या पदकापेक्षा नंतरचा पडता काळ मोलाचा वाटतो. फाळके गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. १९०० च्या प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल गेलं. ते बडोद्याला परतले, पुन्हा स्टुडिओ थाटला. पण फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक येईना. तेव्हा पोटासाठी त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले.

हे काम नुसत्या रंगाऱ्याचं नव्हे. दिव्याचा उजेड कुठून पडणार, नट कुठे उभा राहणार, मागची कमान त्याच्यापुढे ठेंगणी तर दिसणार नाही ना, शेवटच्या रांगेतून अरण्य अरण्य वाटेल ना, हे सगळं आधीच डोळ्यांपुढे आणावं लागतं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चं दिग्दर्शन फाळक्यांनी केलं, तसं नेपथ्यही सांभाळलं. आपण त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो. कला दिग्दर्शकांच्या यादीतही पहिलं नाव त्यांचंच हवं.

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हेही नाटकांचे पडदेच रंगवायचे. बाबूरावांच्या हाताखाली साहेबमामा फत्तेलाल तयार झाले, आणि 'प्रभात' फिल्म कंपनीच्या चित्रपटांतली नगरं त्यांनी उभी केली.