वांग्याच्या फुलाला भुंगाच का लागतो?

परसातल्या वांग्यावर काळाकुट्ट भुंगा दिसला की गावाकडे आधी चप्पल हातात येते. "भुंगा फुलं खाते, म्हून गयते," हे ठरलेलं कारण. खरं तर तो फुलं खात नाही, फळ धरायला मदत करतो.

वांग्याच्या फुलात मध नसतो. मधला पिवळा सुळका म्हणजे पाच-सहा परागकोश, तेही बंद. मिरचीचा परागकोश उभा चिरतो आणि पराग आयते उघडे पडतात. वांग्याच्या कोशाला मात्र टोकाशी दोन बारीक छिद्रं तेवढी पडतात, भोकं असलेल्या मिठाच्या डबीसारखी. भेदऱ्याचे (टोमॅटोचे) कोश आतून चिरतात, पण ते एकमेकांना चिकटून नळी झालेली असते, म्हणून तिथंही वाट टोकाकडूनच. वाऱ्याच्या हेलकाव्यानं थोडे पराग सांडतात, पण थोडेच.

मादी भुंगा सुळका जबड्यात धरते, पाय आवळते, पंख मिटते आणि उडण्याचे छातीतले स्नायू तसेच चालू करते. पंख फडफडत नसल्यानं छाती ताठ राहते आणि कंपनसंख्या उडतानापेक्षा वाढते. म्हणून फुलावर बसताच गुणगुण एकदम चिरकी होते. सेकंदाला काही शे कंपनं कोशात उतरतात, पराग आतल्या भिंतींवर आपटत उसळतात आणि छिद्रातून उडतात. उडताना कीटकाच्या अंगावर धन विद्युतभार साचलेला असतो, त्यामुळे पराग केसांकडे ओढले जातात. अंगावर निळे पट्टे असलेली छोटी माशीही हे करते. आग्या आणि सातेरी या मधमाश्यांना ते जमत नाही. तेव्हा नुसत्या वांग्या-भेदऱ्यांसाठी कुणी मधपेटी गळ्यात मारत असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

शाळेतला 512 हर्ट्झचा नादकाटा रबरावर आपटून ताज्या फुलाच्या सुळक्याला टेकवा, खाली काळा कागद धरा. कोरड्या हवेत, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, पिवळी भुकटी पडताना दिसते.

फूल गळलं म्हणजे परागणच चुकलं असंही नाही. स्त्रीकेसराचं हिरवं टोक, म्हणजे पराग जिथं पडायला हवेत ते, सुळक्याबाहेर आलेलं असेल तर ते फूल धरणारं. आत दडलेलं असेल तर ते बहुधा गळणारच, टॉनिक कितीही मारा. मे महिन्यातल्या उन्हात पराग निकामी होतात, तिथं भुंगाही काही करू शकत नाही. आणि पाळीतल्या बाईचा हात लागला म्हणून झाड रुसलं, ही तर बाईला वाडीतून हाकलायची सबब. झाडाला त्याचा पत्ताही नसतो.

भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी, या पाहुण्यांना मध दुसरीकडून लागतो. वाडीच्या कडेला तुळस, सब्जा आणि चार तुरी लावा. भुंग्यासाठी वाळक्या बांबूचे फूटभर तुकडे कापा, आतली पोकळी दीड-दोन सेंटिमीटर, एका टोकाला पेर बंद. वळचणीखाली आडवे, घट्ट बांधा. पावसाचं पाणी आत गेलं की बुरशी येते आणि पिल्लं मरतात. हिरवा बांबू तडकतो, तो नको.

निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते. पांढऱ्या मातीचे दोन भाग, रेतीचा एक, लाकडी खोक्यात वीतभर जाड थापा. ओली असतानाच पेन्सिलीनं दोन इंच खोल भोकं पाडा. काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून ती घेऊ नका. सिमेंट घातलंत तर माशीला कोरताच येणार नाही.

शेंडे पोखरणाऱ्या अळीचा बंदोबस्त म्हणून वाळलेले शेंडे आठवड्याला खुडून नष्ट करा. फवारायचंच तर निंबोळी अर्क, लिटरला 50 ग्रॅम भुकटीचा, संध्याकाळी. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक झाडात भिनतं आणि परागातही उतरतं, हे लक्षात असू द्या.

भुंगा दाराच्या चौकटीला भोक पाडेल अशी भीती असेल तर ऑइलपेंट लावा. रंगवलेलं लाकूड भुंगा सहसा टाळतो. नराला नांगी नसते, मादी मुठीत धरल्याशिवाय सहसा डसत नाही.